जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार : जीर्णोद्धारासाठी घ्यावी की सोडावी?

हुबळी आणि धारवाड यांच्या दरम्यान वसलेले अमरगोळ प्रामुख्याने कृषी उत्पन्न बाजार समितीच्या विस्तीर्ण आवारासाठी ओळखले जाते. अशा भागातील एखाद्या गोदामात वर्षानुवर्षे उभी असलेली ब्रिटिश गाडी गोव्यात आणण्याचा मोह शौकिनाला झाला, तर ‘इंजिन सुरू होते का?’ हा प्रश्न त्याने सर्वांत शेवटी विचारावा. आधी पाहायचे ते सांगाडा आणि कागदपत्रे.

सांगाड्याची परीक्षा गाडीगणिक बदलते. एमजी टीसी (१९४५-४९) या गाडीचा पत्रा लाकडी चौकटीवर बसवलेला असतो. तेथे गंजाइतकीच वाळवीची भीती. एमजीबी (१९६२-८०) या गाडीला स्वतंत्र चासी नाही. दाराखालच्या पेटीवजा पट्ट्या गंजल्या की गाडीचा कणाच खचतो. जॅक लावल्यावर दार अडकू लागले, तर ती खूण समजावी. भारतात तुलनेने सुलभ असलेली स्टँडर्ड हेराल्ड मद्रासमध्ये १९६१ पासून तयार होऊ लागली. ती स्पोर्ट्स कार नव्हे. परंतु ट्रायम्फ स्पिटफायरची चासी हेराल्डचीच आखूड केलेली आवृत्ती आहे आणि दोन्हींचे रेखाटन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचे. स्वतंत्र चासीवर नटबोल्टने जोडलेले शरीर असल्याने हेराल्डचे काम नवशिक्यालाही झेपण्यासारखे असते.

हवामानाचाही विचार हवा. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. हुबळी-धारवाडकडे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्यामुळे तिकडचा पत्रा किनाऱ्यावरच्या गाडीपेक्षा शाबूत मिळण्याचा संभव असतो. मात्र रबर कडक झालेले आणि वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असू शकतात. ब्रेकचा भरवसा नसलेली गाडी दोर बांधून अनमोड घाटातून ओढत आणणे धोक्याचे; ती ट्रकवरच चढवावी.

कायद्याची बाजू सर्वांत निर्णायक आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या खासगी गाडीला ‘विंटेज’ नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही.

याच नियमांतील एक अट जीर्णोद्धार करणाऱ्याने लक्षात ठेवावी : चासी, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी या नोंदणीस पात्र ठरत नाही. आपल्याकडे मूळ इंजिन काढून दुसरे बसवण्याची पद्धत जुनी आहे. म्हणून चासी व इंजिनावरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत. आयात गाडी असल्यास सीमाशुल्काचे कागद मागावेत. कर्नाटकातील गाडी गोव्यात नोंदवण्यासाठी तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते मिळेल याची खातरजमा इसार देण्यापूर्वीच करावी.

इंजिन उघडून पुन्हा बांधता येते, सुटे भाग इंग्लंडहून मागवता येतात. कुजलेल्या सांगाड्यावरील खर्च मात्र खरेदीच्या किमतीला सहज मागे टाकतो, आणि हरवलेले कागद पैसे मोजूनही परत मिळतीलच असे नाही. सांगाडा, क्रमांक आणि कागद या तिन्हींचा मेळ बसत असेल, तर बंद पडलेली गाडीही घेण्याजोगी. बसत नसेल, तर चकचकीत रंगाची चालू गाडीही सोडून द्यावी.