तोंड खडकीला, कान दौंडला

१९२७ साली भारत-इंग्लंड शॉर्टवेव्ह बिनतारी सेवा सुरू झाली. संदेश धाडणारं केंद्र आपल्या दापोडीला लागून, खडकीत. ऐकणारं मात्र थेट दौंडला. गोंगाटात बारीक आवाज बुडतो, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक!

मी चिंचवडचा हौशी रेडिओवाला. २०१९च्या अखेरीस सूर्यावर डाग जवळपास नव्हतेच. अशा वेळी १० मीटरचा बँड गप्प होतो, पण रात्री ८० आणि १६० मीटरवर दूरचं ऐकू येतं. स्पर्धेच्या रात्री हेडफोन लावला, तर नुसती घरघर. इन्व्हर्टर, स्वस्तातले एलईडी, एमआयडीसीतले मोटर ड्राइव्ह. धूर, सांडपाणी निदान मोजतात तरी. या गोंगाटाची तक्रार घेऊन गेलं की लोक हसतात.

शेवटी रिसीव्हर गाडीत टाकून चाकणच्या पुढं शिवारात गेलो. तार झाडाला बांधली. पहाटे मोर्स आला, बारीक, पण स्वच्छ.