संदर्भनिर्देश : नाव, वर्ष आणि अंक

विज्ञाननियतकालिकांतील संदर्भनिर्देश ही लेखनाची केवळ बाह्य शिस्त होय, असा समज रूढ आहे. या शिस्तीचा इतिहास मात्र वेगळे काही सुचवतो.

1881 मध्ये हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी गोगलगायीच्या अंड्यांविषयीच्या शोधनिबंधात पूर्वसूरींचे नाव आणि प्रकाशनवर्ष कंसात नोंदवले. लेखक-वर्ष पद्धतीचा हा आद्य नमुना मानला जातो. विधान कोणाचे आणि केव्हाचे, हे या पद्धतीत वाक्य वाचतानाच कळते. ज्ञानाचा कालक्रम संहितेतच उमटतो.

1964 मध्ये यूजीन गारफील्ड यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची प्रसिद्ध झाली आणि संदर्भ हा मोजमापाचा विषय बनला. या मुद्रित सूचीत उद्धृत लेख पहिल्या लेखकाच्या नावाखालीच नोंदला जाई; सहलेखक दृष्टीआड राहत.

1978 मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र आले. हस्तलिखितांची मांडणी एकसारखी असावी, हा त्यांचा हेतू होता. 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नियमावलीने, संदर्भ संहितेत ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने त्यांना अंक देण्याची पद्धती प्रमाण ठरवली. वाक्य सुटसुटीत झाले, तथापि नाव आणि वर्ष अंकाआड गेले.

सोय आणि श्रेय यांतील हा ताण कोणत्याही पद्धतीने मिटलेला नाही. संदर्भांचा आराखडा ठरवताना पूर्वसूरींचे ऋण किती ठळकपणे मांडायचे, हेही ठरत असते.