कागद गेला की मजकूर?

१८७८ साली इंग्लंड आणि रशियाचा एक छुपा करार झाला. लंडनच्या परराष्ट्र खात्यात त्याची नक्कल करायला चार्ल्स मार्व्हिन नावाचा कारकून बसवला होता. नोकरी कायम नाही, पैसे तासावर. त्याने करार नकलला आणि मजकूर ‘ग्लोब’ या पत्राला पोचवला. आधी गोषवारा छापून आला, मग १४ जूनला अख्खा करार. मार्व्हिनवर चोरीचा खटला झाला. पण खात्याचा कागद जिथल्या तिथे होता! गेला होता तो फक्त मजकूर, आणि मजकुराच्या चोरीला कायद्यात कलमच नव्हतं. मार्व्हिन सुटला.

आपल्या शासकीय गुपिते अधिनियमाची कुळकथा या सुटकेपासून सुरू होते. १८८९ मध्ये इंग्लंडने गुपितं फोडण्याविरुद्ध कायदा केला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने काश्मीरविषयीचा गुप्त सरकारी मजकूर छापला आणि हिंदुस्थानातही तसाच कायदा आला.

व्हाइसरॉय कर्झनला तेवढ्याने भागेना. लष्करी गुपितांच्या पंगतीला त्याने मुलकी कारभारही आणून बसवला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदे कौन्सिलात या विधेयकाला कडाडून विरोध केला. सरकारच्या कारभारावर लिहिणाऱ्या वृत्तपत्रांचा गळा यात आवळला जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. बहुमत सरकारचं, १९०४ मध्ये विधेयक मंजूर झालं.

आज चालतो तो १९२३ चा कायदा. त्याचं पाचवं कलम प्रत्येकाने एकदा वाचावं. गुपित फोडणारा गुन्हेगार, ते जाणूनबुजून घेणारा गुन्हेगार, आणि ताब्यातल्या कागदाची नीट काळजी न घेणाराही गुन्हेगार. म्हणजे फाईल हलगर्जीपणाने गहाळ झाली तरी तुरुंग, तीन वर्षांपर्यंत. शत्रूला नकाशे विकणारा आणि टेबलावर फाईल विसरणारा, दोघांना एकाच कायद्याचा धाक. मात्र गुपित कशाला म्हणायचं, याची व्याख्या या कायद्यात नाही.

मार्च २०१९ मध्ये राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीच्या प्रकरणात अॅटर्नी जनरलांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, संरक्षण मंत्रालयातून कागद चोरीला गेले. दोन दिवसांनी खुलासा केला : मूळ कागद जागेवर आहेत, बाहेर गेल्या त्या झेरॉक्स. मला मार्व्हिनच आठवला. १० एप्रिलला न्यायालयाने सरकारचा आक्षेप फेटाळला आणि ते कागद विचारात घ्यायचं ठरवलं. त्यात आधार होता २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा : लोकहित भारी ठरलं तर गुपिताचा कायदा आड येत नाही. माझ्या मते गोखल्यांच्या विरोधाला इतक्या वर्षांनी मिळालेलं हे खरं उत्तर.

इंग्लंडने आपल्या कायद्यातलं असलंच सरसकट कलम १९८९ मध्ये रद्द केलं. आपलं पाचवं कलम अजून तसंच उभं आहे.