परतावा: टेबलापासून यंत्रापर्यंत

प्राप्तिकराचा इतिहास आपण बहुधा वसुलीच्या बाजूने वाचतो. पण राज्य आणि नागरिक यांचे नाते परताव्यात अधिक स्वच्छ दिसते; कारण तेथे देणेकरी सरकार असते.

कागदी विवरणपत्रांच्या काळात परतावा अधिकाऱ्याच्या टेबलावरून निघे. तो किती रेंगाळे, याचा दाखला पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीच्या खटल्यात आहे. १९७७-७८पासूनच्या काही वर्षांच्या परताव्यावरील व्याज हाती यायला १२ ते १७ वर्षे लागली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विलंबाची भरपाई देण्याचा आदेश दिला.

२००९मध्ये बंगळुरूला केंद्रीकृत प्रक्रिया केंद्र सुरू झाले. देशभरातील ई-विवरणपत्रे आणि आरंभी कर्नाटक व गोव्याची कागदी विवरणपत्रेही तेथे जात. गंमत अशी, की संगणकावर भरलेल्या विवरणपत्राची पोच सही करून टपालाने बंगळुरूला धाडावी लागे. ऑनलाइन पडताळणीची सोय २०१५मध्ये आली.

केंद्रातील काम कलम १४३(१)नुसार चाले. आकडेमोडीतील चुका व उघड विसंगती तपासायच्या, कापलेला कर २६एएस या नोंदपत्राशी ताडायचा, मग सूचनापत्र काढायचे आणि परतावा स्टेट बँकेमार्फत खात्यात जमा करायचा. वर्षांचे काम महिन्यांवर, पुढे अनेकांच्या बाबतीत दिवसांवर आले.

पण टेबल गेले, तसा त्यामागचा ऐकणारा माणूसही गेला. मालकाने पॅन क्रमांक चुकवला, तर पगारातून कापलेला कर कर्मचाऱ्याच्या नावे दिसेना. अधिकाऱ्यांनी भरलेल्या जुन्या, कित्येकदा चुकीच्या थकबाक्या परताव्यातून परस्पर वळत्या होऊ लागल्या. एका सनदी लेखापालाच्या पत्राची दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मार्च २०१३मध्ये बजावले: कलम २४५नुसार आधी नोटीस, उत्तराची संधी, मगच वजावट. विवरणपत्रातील आकड्यांत फेरफार करण्यापूर्वी करदात्याला कळवून उत्तरासाठी ३० दिवस देण्याची तरतूद २०१६च्या वित्त अधिनियमाने केली.

म्हणजे वेग यंत्राने दिला. पण बाजू ऐकून घेण्याचा हक्क न्यायालय आणि संसद यांना पुन्हा घालून द्यावा लागला. एक असमतोल मात्र उरलाच. करदात्याकडून उशिरासाठी दरमहा १ टक्का व्याज घेणारे सरकार स्वतःच्या उशिरासाठी अर्धाच टक्का देत आले. देणेकरी आणि धनको यांना एकाच मापाने मोजणे हा प्रश्न यंत्राचा नाही, कायद्याचा आहे.