जीर्णोद्धार एका कचेरीचा

जीर्णोद्धार म्हटले की मंदिर वा धर्मशाळा डोळ्यांसमोर येते. परंतु नित्याच्या कामकाजाच्या कचेरीचाही जीर्णोद्धार होऊ शकतो, हे मुंबईच्या फोर्ट भागातील 'बॉम्बे हाउस'ने दाखवून दिले. टाटा समूहाचे हे मुख्यालय १९२४ साली उभे राहिले. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनीच मालाड दगडातील या चार मजली वास्तूचा आराखडा केला होता.

नऊ दशकांनंतर ही वास्तू काही महिने रिकामी करण्यात आली. वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या मार्गदर्शनाखाली दगडी दर्शनी भाग जतन करून अंतर्भागाची नव्याने रचना झाली. मोकळ्या, उजेडाच्या बैठका आल्या. उपाहारगृह व समूहाच्या इतिहासाचे दालन झाले. जे. आर. डी. टाटा यांच्या जयंतीदिनी, २९ जुलै २०१८ रोजी, वास्तू पुन्हा खुली झाली. हरित इमारतीचे सुवर्ण मानांकनही तिला लाभले.

मात्र सर्वांत बोलकी खोली तळमजल्यावर आहे. येथे भटक्या कुत्र्यांना पूर्वापार मज्जाव नव्हता. नव्या झळाळीत त्यांना बाहेर काढणे सोपे होते. उलट त्यांच्या निवाऱ्यासाठी व अन्नपाण्यासाठी स्वतंत्र खोली करण्यात आली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी रतन टाटा निवर्तले, तेव्हा त्यांच्या अंत्यदर्शनाला तेथील 'गोवा' हा कुत्राही आणला गेला.

जीर्णोद्धाराच्या हिशेबात दगड, हवा व उजेड यांच्या शेजारी जीवदयेचाही एक रकाना असावा, हे या कचेरीकडून घेण्यासारखे आहे.