रसिकसमाजाचे दप्तर : ‘ग्रेटफुल डेड’च्या श्रोतृवर्गाचा दाखला

संगणकांच्या जाळ्यावर एकत्र येणाऱ्या संगीतरसिकांनी आपल्या व्यवहारास कोणते रूप द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक सोयीचा वाटतो. वास्तविक तो त्या समाजाच्या स्मृतीचा प्रश्न होय. चर्चा माणसे जोडते, सूची संगीत जतन करते; आणि ही दोन्ही कार्ये एकाच रूपाने साधत नाहीत. अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ ह्या वाद्यवृंदाच्या श्रोत्यांचा इतिहास ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

१९६५ साली कॅलिफोर्नियात उदयास आलेला हा वृंद दर मैफलीत गीतांचा क्रम बदलीत असे व उत्स्फूर्त विस्तारास मोठा वाव देत असे. साहजिकच श्रोत्यांच्या लेखी संगीताचे एकक तबकडी नसून मैफल हेच ठरले. १९८४ पासून वृंदाने ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी प्रेक्षागृहात स्वतंत्र जागा राखून ठेवली. ह्या फिती विकावयाच्या नाहीत, केवळ आपसांत बदलावयाच्या, असा संकेत होता. फितीची ओळख पटे ती तारखेवरून व स्थळावरून. पुढील सर्व सूचींचे बीज येथेच आहे.

१९८५ साली सॉसालिटो येथे ‘वेल’ ही संगणकीय चर्चासंस्था सुरू झाली. दूरध्वनीच्या तारेवरून तीत प्रवेश मिळे. मासिक वर्गणीखेरीज तासागणिक शुल्क पडे. १९८६ मध्ये ह्या वृंदाच्या चाहत्यांचे दालन तेथे उघडले, आणि त्यांच्या अखंड संभाषणामुळे संस्थेच्या उत्पन्नात लक्षणीय भर पडली. येथे सभासद परस्परांना खऱ्या नावाने ओळखू शकत. त्यामुळे स्नेह जडले. तथापि संभाषण बोलण्याच्या ओघाने वाहते, मैफलींच्या क्रमाने नव्हे. अमुक रात्री काय वाजविले गेले, हे शोधू पाहणाऱ्यास त्या ओघात ठाव लागणे कठीण. ती उणीव १९८७ साली निघालेल्या ‘डेडबेस’ ह्या छापील सूचिग्रंथाने भरून काढली.

१९९८ मध्ये ‘ईट्री’ ह्या रसिकगटाने ध्वनीचा दर्जा न घटविता मुद्रणे जाळ्यावरून पोहोचविण्याचा उपक्रम आरंभिला. २००२ मध्ये त्याच्याच सहकार्याने ‘इंटरनेट अर्काइव्ह’ने मैफलींचा संग्रह उघडला. त्याची रचना तारीख आणि स्थळ ह्यांवरच आधारलेली होती. फितीवरील जुनी खूणच नव्या संकेतस्थळाची चौकट बनली. तंत्र बदलले, परंतु रूप रसिकांच्या सवयीनेच ठरविले.

ह्या व्यवस्थेची कसोटी नोव्हेंबर २००५ मध्ये लागली. वृंदाच्या वतीने आलेल्या सूचनेवरून मुद्रणे उतरवून घेण्याची सोय अकस्मात बंद झाली. श्रोत्यांनी निषेधपत्रक काढून बहिष्काराचा इशारा दिला. काही दिवसांतच श्रोत्यांनी केलेली मुद्रणे पुन्हा खुली झाली. ध्वनियंत्रणेवरून थेट घेतलेली मुद्रणे मात्र केवळ ऐकण्यापुरती उरली.

ह्यावरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. सूचीने संगीत सांभाळले, पण आपले रक्षण तिला करता आले नाही. ते परस्परांशी बोलण्याची सवय असलेल्या माणसांनी केले, आणि तेही अंशतःच. म्हणून रसिकसमाजाचे रूप निवडताना दप्तर कसे लावावयाचे इतकेच पाहून भागत नाही. दप्तराची किल्ली कोणाच्या हाती राहणार, आणि ती हिरावली गेल्यास जाब विचारणारी माणसे कोठे भेटणार, ह्याचाही विचार आधीच करावा लागतो.