पंचहौदचा चहा आणि दंभाची किंमत

आजचा विषय दंभ. हा शब्द उच्चारला की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर कुणीतरी दुसराच माणूस उभा राहतो. कुणाला पुढारी दिसतो, कुणाला बुवा, कुणाला व्याही. स्वतःचा चेहरा सहसा दिसत नाही. म्हणून आज मी चालू राजकारणातल्या कुणाचंही नाव घेणार नाही. आपण सव्वाशेहून जास्त वर्षं मागे, पुण्यात जाऊ. तिथली माणसं आपण थोर मानतो. त्यामुळे झटपट निकाल देऊन मोकळं होता येत नाही, थोडा विचार करावा लागतो.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. इंग्रजीत ज्या शब्दाने दंभ सांगतात तो ग्रीकमधून आला, आणि ग्रीकमध्ये त्याचा संबंध रंगभूमीवरच्या नटाशी होता. नट राजा नसतो, राजाचं सोंग घेतो. पण प्रेक्षकाला ते माहीत असतं, तेव्हा त्यात फसवणूक नाही. सोंग घरी नेलं, व्यवहारात वापरलं, की फसवणूक सुरू होते. आपल्याकडे गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी आहे, तिच्यात दंभ पहिला आहे. तिसऱ्या अध्यायात मिथ्याचाराची कल्पना येते: इंद्रियं आवरून बसलेला, आणि मनात मात्र विषयांचंच चिंतन करणारा. म्हणजे आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही.

पण रोजच्या बोलण्यात आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच शिक्का मारतो. पहिली दुर्बलता: पटतं, पण जमत नाही. दुसरी तडजोड: पटतं, जमेलही, पण दुसऱ्या कशासाठी तरी मागे सरतो. तिसरा खरा दंभ: बोलणं आणि वागणं यांतलं अंतर झाकायचं आणि बोलण्याचं श्रेय मात्र घ्यायचं. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. आता हे तिन्ही प्रकार एकाच गोष्टीत कसे गुंतलेले असतात ते बघा.

ऑक्टोबर १८९०. पुण्यात पंचहौद मिशन नावाचं ख्रिस्ती मिशन होतं. तिथे शहरातल्या प्रतिष्ठितांना निमंत्रण गेलं. भाषण झालं आणि मग चहा-बिस्किटं आली. निमंत्रितांमध्ये न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, तरुण गोपाळ कृष्ण गोखले होते. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हातात घेऊन खाली ठेवला. यजमानाचा अपमान नको, एवढाच त्यात भाव.

या सगळ्यामागे गोपाळराव जोशी होते. आनंदीबाई जोशींचे यजमान. आनंदीबाई १८८७ मध्येच वारल्या होत्या. गोपाळराव मोठा विक्षिप्त माणूस. सुधारकांचं पाणी जोखायची त्यांना हौस होती. त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या पत्रातून जाहीर केली आणि पुण्यात वादळ उठलं. ख्रिस्ती माणसाच्या घरचा चहा, बेकरीतली बिस्किटं, आणि घेणारे ब्राह्मण! सनातनी मंडळी शंकराचार्यांकडे गेली. चाळीसहून अधिक लोकांवर आरोप ठेवला गेला, चौकशीसाठी शास्त्र्यांचं कमिशन नेमलं गेलं.

आज ऐकताना हसू येतं. पण ग्रामण्य म्हणजे काय हे ध्यानात घ्या. पंक्तीला कुणी घेत नाही. श्राद्धाला भटजी येत नाही. मुलीचं लग्न ठरत नाही, ठरलेलं मोडतं. म्हणजे चहा घेतला पुरुषाने, आणि बंद झाल्या घरातल्या बायकांच्या वाटा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टिळकांनी काय केलं? त्यांनी शास्त्रार्थ मांडला. चहा पिण्याला शास्त्रात प्रायश्चित्त आहे, आणि ते आपण काशीला घेतलेलं आहे, असं त्यांनी सांगितलं. रानड्यांनी बरेच दिवस काही केलं नाही. शेवटी १८९२ मध्ये त्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींमध्ये हा प्रसंग लिहिला आहे. रानड्यांनी ते स्वतःसाठी घेतलं नव्हतं. बहिष्कारात अडकलेल्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून घेतलं होतं. रमाबाईंना ते आवडलं नव्हतं, आणि ते आवडलं नव्हतं हे त्यांनी लपवलेलं नाही.

आता सांगा, यातला दांभिक कोण?

टीकाकारांचं उत्तर सोपं होतं: रानडे. सुधारणेच्या गोष्टी सांगतात आणि प्रायश्चित्त घेतात. मला हे उत्तर पटत नाही. रानड्यांनी प्रायश्चित्त चोरून घेतलं नाही, आणि चहा पिणं पाप होतं असंही कधी म्हटलं नाही. ही तडजोड आहे. चुकीची म्हणा हवं तर, रमाबाईंना ती चुकीचीच वाटली. पण तिच्यात फसवणूक नाही.

माझ्या मते दंभ शोधायचा तर त्या व्यवस्थेकडे पाहायला हवं. नियम असा, की परधर्मीयाच्या हातचं घेऊ नये. आता ब्राह्मण घरांतली मुलं सरकारी नोकरीत होती, आगगाडीने प्रवास करत होती, नळाचं पाणी पीत होती, विलायती औषधं घेत होती. नियम रोज मोडत होता आणि सर्वांना ते ठाऊक होतं. बोभाटा होईपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. नाव छापून आलं की मात्र धर्म बुडाला. आणि बुडालेला धर्म वर कसा काढायचा? विधी करा, दक्षिणा द्या, पावन व्हा. जो नियम कुणी पूर्ण पाळत नाही आणि जो मोडल्यावर भरपाई करून सुटता येतं, त्याचा उपयोग माणसाला चांगलं ठेवण्यासाठी होत नाही. हव्या त्या वेळी हव्या त्या माणसाला पकडण्यासाठी होतो. दंभ असा एका माणसाच्या मनातून निघून समाजाच्या रचनेत जाऊन बसतो.

आणि गोपाळराव? त्यांनी पकडलं सर्वांना. पण त्यामुळे एकाही विधवेचं भलं झालं नाही, एकाही मुलीची पाटी-पेन्सिल आली नाही. ढोंग उघडं पाडण्यात एक मजा असते, मित्रहो. ती मजा म्हणजे सुधारणा नव्हे.

तर मग रानडे कायमचे सुटले का? नाही. चहाच्या सतरा वर्षं आधी, १८७३ मध्ये, त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाच्या चळवळीशी त्यांचं नाव जोडलेलं होतं. हे आता विधवेशी लग्न करतील अशी लोकांची अपेक्षा होती, आणि वडिलांना तीच भीती होती. वडिलांनी घाईने दुसरं लग्न ठरवलं. रानडे एकतीस वर्षांचे, मुलगी अकरा वर्षांची. वडिलांचा शब्द मोडवला नाही म्हणून ते उभे राहिले. पुढच्याच वर्षी त्याच चळवळीतले विष्णुशास्त्री पंडित यांनी स्वतः विधवेशी विवाह केला. म्हणजे त्या काळात ते अशक्य होतं, असं म्हणता येत नाही.

रानड्यांनी त्या मुलीला लगेच शिकवायला घेतलं. तीच पुढे सेवासदनच्या रमाबाई झाली. आपण ही गोष्ट नेहमी इथपर्यंत आणतो आणि शेवट गोड झाला म्हणतो. पण त्याच आठवणींत त्या मुलीने सासरच्या बायकांचे टोमणे लिहिले आहेत. शिकते म्हणून बोलणी खायची तिने. दिवसभर घरातला जाच सोसायचा तिने. नवऱ्याच्या उक्ती आणि कृतीत पडलेलं अंतर तिने आपल्या बालपणाने भरून काढलं.

इथे मला माझी कसोटी सापडते. बोलणं आणि वागणं यांत किती अंतर पडलं हे मोजून काम भागत नाही. अंतर सगळ्यांच्यातच पडतं. ज्याला काही आदर्शच नाही त्याच्यात पडत नाही, पण म्हणून तो काही आपला गुरू होत नाही. विचारायचं ते असं: या अंतराची किंमत कोण मोजतं? स्वतः मोजत असेल तर ती दुर्बलता, क्षम्य आहे. दुसरा कुणी मोजत असेल, आणि तोही आपल्यापेक्षा दुबळा, तर प्रश्न गंभीर झाला.

या कसोटीवर आणखी दोन प्रसंग पाहू.

पहिला, संमतिवयाचा वाद. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची अकरा वर्षांच्या आसपासची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने मेली. कायद्यात संमतीचं वय दहा होतं, म्हणून तो बलात्कार ठरत नव्हता. ते वय बारा करावं असं विधेयक आलं. पुण्यात टिळकांनी विरोध केला. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, हा त्यांचा मुद्दा. आणि त्याबरोबर सुधारकांना आव्हान: मुलींचं लग्न सोळाच्या आत नको, मुलांचं विसाच्या आत नको, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये, केलं तर विधवेशीच करावं. या अटी ज्यांना सुधारणा हवी त्यांनी स्वतःवर आधी लादून घ्याव्यात. मसुदा कायद्याच्याही पुढचा होता. सही करायला फारसं कुणी पुढे आलं नाही. वादात टिळक जिंकले.

आव्हान बिनतोड होतं, हे मान्य. पण त्याचा परिणाम बघा. चर्चा मुलीवरून उठली आणि सुधारकांच्या चारित्र्यावर जाऊन बसली. सुधारक ढोंगी ठरले, समजा. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलीचं शरीर तयार होतं का? जुडिथ श्क्लार नावाच्या एक राजकीय विचारवंत होत्या. १९८४ मधल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हाच धोका दाखवला. दंभाला आपण सर्वांत मोठं पाप मानलं, की राजकारण म्हणजे एकमेकांचे मुखवटे ओढायचा खेळ होतो, आणि क्रूरता बाजूला उभी राहून बघत बसते. त्यांचा आग्रह असा, की दुर्गुणांच्या यादीत क्रूरता पहिली ठेवा. मला तो आग्रह पटतो. विधेयक मार्च १८९१ मध्ये मंजूर झालं, ते ढोंगी ठरवल्या गेलेल्या माणसांच्या पाठिंब्यावर.

दुसरा प्रसंग १९१८ चा. मुंबईला महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांच्या पुढाकाराने अस्पृश्यता निवारणाची परिषद भरली. अध्यक्ष सयाजीराव गायकवाड. टिळक आले आणि कडाडून बोलले. देव जर अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव मानणार नाही, असा त्या बोलण्याचा आशय. सभा हेलावली. मग एक जाहीरनामा आला: मी माझ्या रोजच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही. त्यावर टिळकांनी सही केली नाही.

इथे मी संयमाने बोलेन. टिळक त्या व्यासपीठावर गेले, हेच त्यांच्या अनुयायांतल्या अनेकांना रुचलेलं नव्हतं. एवढं बोलायलाही धैर्य लागलं असणार. पण भाषण आणि सही यांच्यामध्ये जी रिकामी जागा राहिली, तिच्यात कोण उभं होतं? ज्याला पाणवठ्यावर येऊ देत नव्हते तो. नेत्याची अडचण आपण समजून घेतो. घ्यावीही. त्या माणसाची अडचण मात्र अजून नऊ वर्षं तशीच होती, चवदार तळ्याच्या सत्याग्रहापर्यंत, आणि त्यानंतरही.

आता आपल्या घरी येऊ. कारण हा सगळा इतिहास मी पुण्याची जिरवायला सांगत नाही.

स्थळ पाहताना आपण म्हणतो, "आमची मागणी काहीच नाही, तुम्ही तुमच्या मुलीला हौसेने काय द्याल ते द्या." हे वाक्य ऐकून मुलीचा बाप कर्ज काढायला जातो. सोसायटीत घर भाड्याने देताना आपण आडनाव ऐकतो आणि म्हणतो, "आमचं काही नाही हो, पण कमिटीचं असं आहे." तो माणूस पुढच्या इमारतीत विचारायला जातो. कामाला येणाऱ्या बाईला आपण घरचीच म्हणतो, आणि तिचा कप ओट्याच्या कडेला वेगळा उपडा घातलेला असतो. १८९० मध्ये पेला कुणाच्या हातून घेतला यावर वाद झाला. आज पेला कुणाला वेगळा दिला यावर वादही होत नाही.

मराठी शाळा वाचवा म्हणून आपण सह्या करतो, नातवंडं इंग्रजी माध्यमात असतात. यात आपल्याला काही भोगावं लागत नाही. भोगावं लागतं त्या शाळेत उरलेल्या मुलांना. बोलणारे, जाब विचारणारे पालक निघून गेले की शाळेच्या गळक्या छताकडे बघायला कुणी उरत नाही. मी नातवंडांना परत आणा म्हणत नाही. पण सही करणाऱ्याने त्या छताची चौकशी तरी करावी.

तर मला सांगायचं ते एवढंच. शंभर टक्के सुसंगत माणूस इतिहासात मला भेटला नाही, आणि तसा असल्याचा दावा करणाऱ्याची मला जरा धास्तीच वाटते. आदर्श बाळगला की अंतर पडणार. ते मान्य करावं, उघड ठेवावं आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या खात्यावर टाकू नये. पुढाऱ्याला दांभिक म्हणण्याचा हक्क आपल्याला आहेच. तो बजावताना पुढाऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं: याच्या बोलण्याचं बिल कोण भरतंय? आणि हाच प्रश्न घरी, ओट्याकडे बघूनही विचारावा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. फक्त एक विनंती, उदाहरण देताना शेजाऱ्याचं देऊ नका.